तिसाच्या पुढचे पाढे

माझ्या बायकोला स्वयंपाकघरात घड्याळ लागत नसे. ती पाढे म्हणायची. चहाला उकळी आली की बाराचा, तेराचा आणि चौदाचा पाढा होईपर्यंत तो स्टोवर राहायचा. भाताखालचा स्टो बारीक व्हायचा तो सतराचा संपल्यावर. ओठ हलायचे, आवाज नसायचा. माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडे तिचं गाव. तिथल्या एकशिक्षकी शाळेतले मास्तर रोज तिन्हीसांजेला सगळ्या पोरांना देवळापुढे बसवून परवचा म्हणून घेत. बेपासून तिसापर्यंत, आणि मग अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि शेवटी साडेतीनाचा तो पाढा, औटकी. चौथीनंतर तिची शाळा सुटली, पाढे तेवढे राहिले.

मी साताऱ्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. एम.एस्सी. झालेला माणूस त्या काळी हायस्कुलात क्वचित सापडायचा, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे. घरातसुद्धा. "ही सगळी पोपटपंची आहे," मी तिला म्हणायचो, "गणित म्हणजे विचार." त्यावर ती म्हणायची, "आवं, पन भात तर बरूबर शिजतोय न्हवं?" मी वर्तमानपत्र वर धरायचो. मी तापट होतो, आणि तिच्यापुढे तापट असणं फार सोपं होतं, कारण ती उलट बोलत नसे.

आपला पहिला उपग्रह वर गेला त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या मुख्याध्यापकांना त्या उपग्रहाने नुसतं पछाडलं होतं. जानेवारीत शाळेत मोठं प्रदर्शन भरवायचं, विषय 'गणित आणि आधुनिक तंत्रज्ञान', तक्ते पोरांनी करायचे आणि मुख्य भाषण मी करायचं असं त्यांनी जाहीर करून टाकलं. मला आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर पोरांनी मला एकच प्रश्न विचारला होता, सर, हे लॉगरिथम पुढे कुठं लागतं? आता सगळ्या गावासमोर उत्तर द्यायची संधी आली होती. दिवाळीच्या सुट्टीत मी टिपणं काढायला बसलो, आणि त्याच सुट्टीत बायकोचं दुखणं उघड झालं. सात-आठ महिने ती अंगावर काढत होती. मला सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी विचारलंही नव्हतं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी मिरजेला पाठवलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासलं, मला बाजूला घेऊन रोगाचं नाव इंग्रजीत सांगितलं आणि तिला सांगितलं की गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ आहे, सहा आठवडे कोबाल्टचा शेक घ्यावा लागेल. शेक हा शब्द सगळेच वापरत. रोज सकाळी यायचं, जाड दाराच्या खोलीत एकटीने पडायचं, बाहेरून मशीन चालू करायचं. भाजत नाही, दुखत नाही, काही दिसतही नाही.

मी रजा टाकली. सामान घेऊन आम्ही सातारा स्टेशनवरून मिरजेची पॅसेंजर पकडली. कराड मागे पडेपर्यंत ती खिडकीतून बाहेर उसाच्या गाड्या बघत होती. मग एकदम म्हणाली, "एक सांगू का? राग न्हाई ना येनार?"

"बोल."

"ह्यानं गुण न्हाई आला, तर मला येळंवर सांगा. लपवू नगा. मला आईकडं जायचं हाय. शेवटचं काय आसंल ते आईच्या दारात होऊ दे."

तिची आई गावात एकटी राहत होती. दोन्ही भाऊ मुंबईला गिरणीत. बहात्तरच्या दुष्काळात बापाची मेंढरं गेली, पाठोपाठ बाप गेला, आणि त्यानंतर ती एकदाच माहेरी जाऊन आली होती. मला वेळ नसायचा आणि एकटीने जाऊ द्यायची माझी तयारी नसायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणावं असं जगात एवढंच होतं, ती म्हातारी आणि ते दार.

"सांगीन," मी म्हणालो. "पण तशी वेळ येणार नाही."

"त्ये ऱ्हाऊ दे. सांगा म्हंजे झालं."

इस्पितळाजवळ सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एक खोली मिळाली. रोज सकाळी नऊला शेक. मशीन चालवणारा तंत्रज्ञ सांगलीकडच्या एका शेतकरी घरातला तरुण होता, बी.एस्सी. झालेला. बाहेर टेबलावर त्याचं मिनिटांचं घड्याळ, शेजारी भिंतीवर आकड्यांचा एक तक्ता चिकटवलेला. तिला आत झोपवून, दार लावून तो घड्याळावर चार मिनिटं लावायचा. मी बाकावर बसायचो. दार उघडलं की ती पदर सारखा करत बाहेर यायची.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "एकवीस सत्ते सत्तेचाळासेपाशी थांबलं."

मला आधी समजलं नाही. ती आत पडल्यापडल्या पाढे म्हणत होती. बेपासून सुरू, आणि मशीनचा आवाज थांबला तेव्हा ती एकविसाच्या पाढ्यात सातव्या घरात होती. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. भातासारखं.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ती बाहेर आली ती पांढरीफटक होऊन. "दोन घरं पुढं गेलं," म्हणाली. "एकवीस नव्वे. शेक वाढवलाय. माझं वाढलं वाटतं."

मी चिडून तंत्रज्ञाकडे गेलो. चिडलो होतो तो तिच्यावरच, पाढ्यांवरून रोग मोजते म्हणून. तो तरुण मात्र आश्चर्याने बघत राहिला. "वैनींनी वळखलं? सर, आज एक तारीक हाय. सकाळीच नवा तक्ता लावलाय बघा. कोबाल्ट दर म्हैन्याला शेकडा एक कमी हुतो, तेवढी येळ वाढवाय लागती. अडीच सेकंद वाढल्यात."

त्याने मला तक्ता दाखवला. मागच्या महिन्याचे आकडे, या महिन्याचे आकडे, खाली लॉगरिथमचा हिशेब, पेन्सिलीने. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच टेबलावर सगळं पडताळून पाहिलं. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर. मला इतका आनंद झाला की सांगायची लाज वाटते. बायको बाकावर बसलेली, आणि मी त्या तरुणाला ऱ्हासाचं समीकरण मांडून दाखवत होतो. पोरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे भिंतीवर चिकटवलेलं होतं. जुना तक्ता मी प्रदर्शनासाठी मागून घेतला. त्याने आनंदाने दिला.

मग पायऱ्यांवर बसून तिला समजावलं. "तुझा रोग वाढला नाही. कोबाल्ट म्हणजे शेगडीतला निखारा समज. तो हळूहळू विझत जातो. भाकरी तेवढीच भाजायची, तर थोडी जास्त वेळ ठेवावी लागते."

"भाकर तीच. इंगळ जुना झालाय."

"बरोबर."

"निम्मा हुयाला किती दिस लागत्यात?"

हा प्रश्न ऐकून मी चपापलो. दहावीची पोरं हा प्रश्न विचारत नसत. "सव्वापाच वर्षं," मी सांगितलं.

"सव्वापाच वरसं," ती स्वतःशी म्हणाली. "मंग लय सावकास इझतोय." तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला. खोलीकडे जाताना तिने तंबोरे करणाऱ्याच्या दुकानासमोर थांबून सुकत घातलेले भोपळे बघितले आणि किती दिवस सुकवता म्हणून त्याला विचारलंही. मिरजेत आमचं त्यानंतरचं जे दोन-अडीच आठवड्यांचं राहणं झालं, ते आमच्या संसारातलं सगळ्यात सुखाचं होतं, असं मला आज वाटतं. मी तिला संध्याकाळी लॉगरिथमचं पुस्तक दाखवायचो. ती म्हणायची, हे पाढेच हायती की, बारीक अक्षरातलं.

चौथा आठवडा संपताना डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. गाठ दाद देत नव्हती. रोग आत, पाठीच्या दिशेने गेला होता. पूर्ण सहा आठवड्यांचा शेक देण्यात अर्थ नाही, म्हणाले. थोडे दिवस मोठी मात्रा देऊ, म्हणजे दुखणं आणि अंगावरून जाणं जरा आटोक्यात येईल, मग घरी न्या. किती दिवस, म्हणून मी विचारलं. त्यांनी होळी म्हटलं, आणि मग म्हणाले, फार तर पाडवा. "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मी ठरवलं, म्हणजे मी भ्यालो. पॅसेंजरमधला शब्द मला त्या वेळी आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. मी तंत्रज्ञाला गाठून सांगितलं की बायकोला काही बोलू नकोस. त्याने मान हलवली आणि घड्याळावर सहा मिनिटं लावली.

सहा मिनिटं मी बाकावर बसलो. दार उघडलं. ती पदर सारखा करत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"तीस संपलं," ती म्हणाली. "तिसाच्या पुढं पावकीत गेले."

मी आधीच तयारी करून ठेवली होती. "अगं, तो निखारा. आणखी मंदावला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "सगळ्यांस्नीच वाढवलंय?"

"सगळ्यांनाच."

"व्हय का," ती म्हणाली, आणि बाकावरची पिशवी उचलली. त्यानंतर शेक संपेपर्यंत ती कुठे थांबली ते तिने एकदाही सांगितलं नाही. मला हायसं वाटलं. मला वाटलं, पटलं.

साताऱ्याला परत आल्यावर शेजारीपाजारी आले. मी सगळ्यांना सांगितलं, शेक पूर्ण झाला, आता ठणठणीत. हे सांगताना मी तिच्याकडे बघत नसे. ती आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. दुखणं खरंच थोडं कमी झालं होतं. मी त्याचाही पुरावा केला. तिला म्हणायचो, बघ, बरी झालीस की नाही?

एकदा भाकरी वाढताना ती म्हणाली, "आता बरं वाटतंय, तर आईकडं जाऊन यिऊ का? चार दिस?"

"प्रदर्शन होऊ दे. मग मी सोडायला येतो. आता बरी झालीस, घाई कसली?"

तिने दुसरी भाकरी वाढली. बरी झालेल्या बाईला माहेरी जाऊन पडण्याचं कारण उरत नाही. ते कारण मीच काढून घेतलं होतं. मी तक्त्यांच्या मागे लागलो. उपग्रहाच्या कक्षेचा एक, धरणाच्या भिंतीचा एक, माधवनगरच्या गिरणीतल्या मागाचा एक, आणि सगळ्यात मोठा कोबाल्टचा. मिरजेचे आकडे एका पोराकडून लाल शाईत काढून घेतले. रोज शाळेतून उशिरा यायचो. तिच्याजवळ बसायला नको म्हणूनच उशीर करत होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती म्हणाली, मी पन येती. शाळा जवळ होती, तरी मी टांगा केला. तिला बायकांच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. मुख्याध्यापक बोलले, पाहुणे बोलले, मग मी उभा राहिलो. भाषण चांगलं झालं. उपग्रहापासून सुरुवात केली आणि कोबाल्टवर आलो. सव्वापाच वर्षं, दर महिन्याला शेकडा एक, लॉगरिथमचं कोष्टक, सगळं सांगितलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लोक इतके मन लावून ऐकत होते की माझा तोल गेला. मी म्हणालो, "हे मी पुस्तकातलं बोलत नाही. माझी पत्नी समोर बसली आहे. ती आज बरी होऊन बसली आहे, ती या आकड्यांमुळे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका वळून तिच्याकडे बघायला लागल्या. एकीने तिच्या हातावर हात ठेवला. ती हसली, आणि पदर तोंडाशी धरला.

घरी आल्यावर ती चुलीच्या कट्ट्याला टेकून खालीच बसली. उन्हं अजून अंगणात होती. मी चहा टाकतो म्हणालो, असं मी कधी म्हणत नसे.

"बसा जरा," ती म्हणाली. "एक इचारायचं हाय. आधी चार मिन्टं हुती?"

"हो."

"आन नंतर सा?"

मी चहाचं भांडं उगाच विसळायला लागलो.

"घड्याळ मी बघितलं न्हाई. पाढ्यावरनं म्हनती. चार दीड सहा. दीडकी येती मला." तिचा आवाज चढला नव्हता. "सव्वापाच वरसांत निम्मा इझनारा इंगळ एका रातीत दीडपट येळ मागंल व्हय? तुमीच शिकवलं की मला पायरीवर. ज्यानं शिकवलं त्यानंच मला तसं सांगितलं. तवाच कळलं, गुण न्हाई."

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलोच जवळजवळ. आयुष्यभराची सवय.

"तुमी सांगनार हुता न्हवं. वाट बघितली. रोज बघितली. आज त्या सगळ्या लोकांच्यात बोललात, तवा वाटलं, आता ह्ये न्हाई सांगायचे."

मी तिच्यासमोर फरशीवर बसलो आणि रडलो. तिने माझं डोकं वगैरे कुरवाळलं नाही. तिच्यात तेवढा जोर नव्हता, आणि बहुधा मनही नव्हतं. मी म्हणालो, उद्याच निघू, गाडी करतो. ती म्हणाली, बघू.

उद्या झालं नाही. रात्रीतून अंगावरून जायला लागलं, आणि डॉक्टर आठवडाभर तिला हलवू देईनात. नंतर एक जीप मिळाली. मागे गादी घालून आम्ही कोरेगावमार्गे निघालो. खड्डा आला की ती माझं मनगट दाबायची. पुसेगावच्या पलीकडे तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "फिरवा." मी म्हणालो, निम्म्याच्या वर आलोय. ती म्हणाली, "निम्मं ऱ्हायलंय की अजून. न्हाई सोसवत. महिन्यामागं आलो असतो, तर बसून आले असते." ड्रायव्हरने जीप फिरवली. तिने मान वळवून मागच्या रस्त्याकडे बघितलं, तोही फार वेळ नाही.

मग तिची आई एस.टी.ने साताऱ्याला आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या घरात आली. लेकीच्या पायाशी जी बसली ती उठलीच नाही. तिला मी काही सांगितलं नव्हतं. लेकीनेही नाही. ती एवढंच विचारायची, "जावईबापू, पोरगी उठंल न्हवं?" आणि मी म्हणायचो, उठेल.

दुपारी कंपाउंडर येऊन इंजेक्शन देऊन जायचा. ते लागू पडायला वेळ लागायचा. तेवढा वेळ काढायला ती मला पाढे म्हणायला लावायची, तिचे ओठ आता साथ देत नव्हते. मी बेपासून सुरू करायचो. तिसापर्यंत नीट जायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अडखळत. दीडकी म्हणताना मी तिच्याकडे बघत नसे. औटकी मात्र मी मॅट्रिकच्याही आधी विसरलो होतो. चार औट चौदा, पाच औट साडेसतरा, सहा औट एकवीस, आणि सात औटला मी अडायचो. दरवेळी तिथेच. ती डोळे मिटून म्हणायची, "साडेचोईस." कधी कधी त्यात थोडं हसू असायचं. एम.एस्सी.ला औटकी येत न्हाई, असं एकदा आईला म्हणाली.

पाडव्याच्या आधीची एक दुपार. कंपाउंडर गेला, मी सुरू केलं. त्या दिवशी तिसाच्या पुढचंही, औटकी लागेपर्यंत, सगळं न अडता झालं. सहा औट एकवीस म्हणालो. सात औट म्हणालो आणि थांबलो.

ती काही बोलली नाही.

मी परत म्हणालो, सात औट. तिची आई पायाशी बसून तळवे चोळत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी मनात साताला साडेतीनने गुणलं आणि म्हणालो, साडेचोवीस. आठ औट अठ्ठावीस. नऊ औट साडेएकतीस. दहा औट पस्तीस. आणि मग पुन्हा बेपासून सुरू केलं, मोठ्याने, कारण थांबलो असतो तर तिच्या आईला सांगावं लागलं असतं.